टीएलआर४ची अँटीबॉडी वापरायला घेताना: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

‘या पेशींमध्ये टीएलआर४ वाढतोय का ते बघ,’ एवढं सांगून गाईड मीटिंगला निघून जातात. टीएलआर४ म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर ४, जिवाणूंची चाहूल घेणारं पेशीच्या पटलातलं प्रथिन. एमएस्सीच्या डेझर्टेशनला आलेली मुलगी किंवा नुकताच रुजू झालेला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) मग संगणकावर शोधायला बसतो आणि समोर अँटीबॉड्यांची, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांची, रांगच्या रांग उभी राहते. त्यातली स्वस्त, लवकर मिळणारी आणि वेबसाइटवर ठसठशीत बँड दाखवणारी निवडली जाते. काही आठवड्यांनी कुपी येते, ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची चाचणी) होतो, बँडही दिसतो आणि सगळे खूश होतात. तो बँड टीएलआर४चाच कशावरून, हे विचारायला मात्र बऱ्याचदा थीसिसचा परीक्षकच यावा लागतो.

म्हणून आधीच सांगतो. माझा निकाल चुकला असेल तर ते मला कशावरून कळेल, याचं उत्तर तयार असल्याशिवाय अँटीबॉडीचा इंडेंट भरू नका. खालची सगळी खटपट त्या एका उत्तरासाठी आहे.

आधी रिसेप्टर समजून घ्या

टीएलआर४च्या नावातलं टोल हे मूळचं फळमाशीतलं प्रथिन. बुरशीपासून माशीचा बचाव करण्यात त्याचा हात आहे, हे ज्यूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं. उंदरांच्या काही जाती एलपीएसला अजिबात दाद देत नाहीत, त्याचं कारण टीएलआर४च्या जनुकातला बिघाड आहे, हे ब्रूस बॉइटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये शोधलं. २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. एलपीएस म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला घटक. त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याने बराच त्रास द्यायचा आहे.

टीएलआर४ एकटा काम करत नाही. त्याच्या बाहेरच्या भागाला एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन चिकटलेलं असतं आणि एलपीएस मुख्यतः त्या एमडी-२च्या खोबणीत बसतं. सीडी१४ ते तिथपर्यंत आणून पोचवतं. मग अशा दोन जोड्या एकमेकींजवळ येतात, पेशीच्या आतल्या टीआयआर भागावर मायडी८८सारखी प्रथिनं जमतात, एनएफ-कप्पाबी हा जनुकं चालू करणारा घटक जागा होतो आणि टीएनएफ, आयएल-६ ही दाहाचा संदेश देणारी प्रथिनं बाहेर पडू लागतात. दाह सुरू होतो तो असा. सेप्सिसमध्ये हीच साखळी हाताबाहेर जाते.

बेंचवर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाचा टीएलआर४ हा ८३९ अमिनो आम्लांचा. नुसत्या क्रमावरून त्याचं वजन ९६ किलोडाल्टनच्या आसपास येतं. पण त्याच्या बाहेरच्या भागावर अनेक ठिकाणी साखरेच्या साखळ्या लागलेल्या असतात, त्यामुळे जेलवर तो शंभराच्या वर, बहुधा ११० ते १३० च्या पट्ट्यात दिसतो. पेशीच्या पटलातून तो एकदाच आरपार जातो. उंदराचा आणि माणसाचा टीएलआर४ बाहेरच्या भागात बराच वेगळा आहे, आतल्या टीआयआर भागात पुष्कळ सारखा. शेवटची गोष्ट, मोनोसाइटच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीच्या, पृष्ठभागावर तो असतोच मुळात थोडा. एखाद्याने झगझगीत टीएलआर४ दाखवला तर कौतुक करण्याआधी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, बघायला मागावेत.

अँटीबॉडी नेमकं काय ओळखते

अँटीबॉडीला प्रथिनाचं नाव ठाऊक नसतं. तिला फक्त एपिटोप, म्हणजे प्रथिनावरचा एक छोटा तुकडा ओळखता येतो. गर्दीत एखाद्याला केवळ नाकावरून ओळखायला सांगितलं तर जे होईल तेच इथे होतं: तसंच नाक असलेला दुसरा कुणी निघाला की त्यालाही ती हाक मारते, आणि आपल्या माणसाने नाकावर रुमाल धरला असेल तर त्याला सोडून पुढे जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. वेस्टर्न ब्लॉटमध्ये एसडीएस हा साबणासारखा पदार्थ आणि उष्णता देऊन प्रथिनाची घडी आपण पूर्ण उलगडतो. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे चमकणारा रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्रात, जिवंत पेशीवर तेच प्रथिन घडी घातलेल्या अवस्थेत असतं. उलगडलेल्या साखळीवरचा क्रम ओळखणारी अँटीबॉडी फ्लोमध्ये आंधळी ठरू शकते आणि घडी ओळखणारी अँटीबॉडी ब्लॉटवर कोरी पट्टी देऊ शकते. दोघींपैकी एकीतही दोष नसतो.

दुसरं उदाहरण खास टीएलआर४चं आहे आणि मला ते फार आवडतं. उंदराच्या टीएलआर४साठी एमटीएस५१० हा जुना, भरपूर वापरलेला क्लोन, म्हणजे एकाच पेशीवंशातून बनणारी अँटीबॉडी, आहे. तो टीएलआर४ आणि एमडी-२ यांची जोडी ओळखतो. पेशींना एलपीएस दिलं की त्या जोडीची ठेवण बदलते आणि एमटीएस५१०ला आपली जागा सापडेनाशी होते. सिग्नल खाली येतो. नवखा माणूस लिहून मोकळा होतो, ‘एलपीएसने टीएलआर४ कमी झाला.’ त्याच पेशींवर एसए१५-२१ हा दुसरा क्लोन वापरला, तर त्याला एलपीएस बसलेला टीएलआर४ही ओळखता येतो आणि चित्र निराळं दिसतं. म्हणजे पहिल्या अँटीबॉडीने प्रमाण मोजलंच नव्हतं, तिने अवस्था मोजली होती. हा फरक माहीत असेल तर एमटीएस५१० हे उत्तम हत्यार आहे. माहीत नसेल तर अख्खा निष्कर्ष उलटा लागतो.

डेटाशीट वाचायची ती अशी

बहुतेक जण डायल्यूशन बघून कागद बाजूला ठेवतात. तुम्ही सुरुवात इम्युनोजेनपासून करा, म्हणजे अँटीबॉडी बनवताना प्राण्याला टीएलआर४चा कुठला भाग टोचला होता तिथून. बाहेरचा भाग असेल तर जिवंत पेशींवर चालण्याची शक्यता. टीआयआर भागातला तुकडा असेल तर पेशी फिक्स करून पटलाला छिद्रं पाडल्याशिवाय ती आत पोचणारच नाही. शिवाय टीआयआर हा भाग सगळ्या टीएलआर कुटुंबात आणि आयएल-१च्या रिसेप्टरमध्येही असतो, त्यामुळे तिथल्या पॉलिक्लोनलवर माझी नजर जास्त कडक असते. इम्युनोजेन ‘प्रोप्रायटरी’ म्हणून लपवलेला असेल तर मी दुसरी अँटीबॉडी शोधतो.

त्यानंतर होस्ट (अँटीबॉडी कुठल्या प्राण्यात बनली), क्लोन आणि आयसोटाइप (अँटीबॉडीचा उपप्रकार). पॉलिक्लोनल म्हणजे प्राण्याच्या रक्तातलं मिश्रण. तो प्राणी संपला की तेच मिश्रण पुन्हा मिळत नाही. मोनोक्लोनलची वाट कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवली, त्यात एकाच पेशीचा वंश एकच अँटीबॉडी बनवतो. रिकॉम्बिनंट ही त्याहून पुढची पायरी, तिथे अँटीबॉडीचा क्रमच ठाऊक असतो, म्हणून दोन लॉटमध्ये फरक कमीत कमी पडतो. बजेट असेल तर रिकॉम्बिनंट घ्या.

‘रिॲक्टिव्हिटी’च्या रकान्यात माणूस, उंदीर (माऊस), रॅट असं सगळं लिहिलेलं असतं. त्यातलं प्रत्यक्ष तपासलेलं काय आणि क्रमाच्या साम्यावरून गृहीत धरलेलं काय, ते बारीक अक्षरात सापडेल. ‘ॲप्लिकेशन्स’चंही तेच: वेस्टर्नचा फोटो दिलाय का, दिला असेल तर पूर्ण पट्टीचा की बँडभोवती कातरलेला? कातरलेल्या फोटोवर मी पैसे खर्च करत नाही. आणि ‘केवळ संशोधनासाठी’ असा शिक्का असलेल्या कुपीवर रुग्णाचं निदान करायचं नाही, डॉक्टर मित्राने कितीही गळ घातली तरी.

ऑर्डरआधी कंट्रोल जमवा

हा टप्पा लोक गाळतात आणि खरं काम इथेच आहे.

एचईके२९३ पेशींमध्ये टीएलआर४ नसतो, एमडी-२ आणि सीडी१४ही नसतात. बहुतेक लॅबच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये या पेशी पडून असतातच, त्यामुळे फुकटचा निगेटिव्ह कंट्रोल घरात आहे असं समजा. त्याच पेशींमध्ये टॅग (ओळखीची छोटी खूण) लावलेल्या टीएलआर४चं जनुक बाहेरून घातलं, म्हणजे ट्रान्सफेक्ट केलं, की पॉझिटिव्ह कंट्रोलही तयार होतो, कारण टॅगची अँटीबॉडी आणि तुमची अँटीबॉडी यांनी एकाच उंचीवर बँड दाखवायला हवा. नैसर्गिक टीएलआर४साठी टीएचपी-१ घ्या, माणसाच्या मोनोसाइटसारख्या या ल्युकेमियाच्या पेशी. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या, पेशी भांडारातून देशभरातल्या संस्थांना सेल लाइन पुरवल्या जातात. शेजारच्या लॅबकडून ‘थोड्या पेशी’ उसन्या आणण्यापेक्षा तिथून मागवलेल्या बऱ्या, निदान हातात काय आलंय ते नीट माहीत असतं.

पण एचईके२९३ आणि टीएचपी-१ या मुळातच वेगळ्या पेशी आहेत. एकीत बँड आहे, दुसरीत नाही, याचं कारण टीएलआर४ सोडून दुसरं काहीही असू शकतं. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्याच पेशीची नॉकआउट, म्हणजे ते जनुक निकामी केलेली, आवृत्ती. टीएलआर४ काढून टाकलेल्या टीएचपी-१ विकत मिळतात, क्रिस्पर हे जनुक कापायचं तंत्र जमत असेल तर स्वतःही बनवता येतात. तेही शक्य नसेल तर एसआयआरएनएने (जनुकाचं काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) टीएलआर४ दाबा आणि बँड त्या प्रमाणात फिका होतो का ते बघा.

उंदरांवर काम करणाऱ्यांसाठी इथे एक सापळा आहे. टीएलआर४ नसलेला उंदीर म्हणून सी३एच/एचईजे ही जात सगळ्यांना तोंडपाठ असते. ती एलपीएसला दाद देत नाही हे खरं. पण तिच्यात बिघाड आहे तो एका अमिनो आम्लाचा: ७१२ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन. प्रथिन बनतं, फक्त काम करत नाही. तुमची अँटीबॉडी त्याला खुशाल चिकटेल. अँटीबॉडी तपासायची तर सी५७बीएल/१०एससीएनजेसारखी जात हवी, जिच्यात टीएलआर४चं जनुकच उडालेलं आहे, किंवा सरळ नॉकआउट. प्रयोगाचा निगेटिव्ह कंट्रोल आणि अँटीबॉडीचा निगेटिव्ह कंट्रोल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

ब्लॉकिंग पेप्टाइडवर फार विसंबू नका. पेप्टाइड घातल्यावर बँड गेला म्हणजे अँटीबॉडी त्या पेप्टाइडला चिकटते, इतकंच सिद्ध झालं. ती आणखी कशाकशाला चिकटते हे त्यातून कळत नाही.

हे सगळं अती वाटत असेल तर एक आकडा देतो. २०२३ मध्ये ‘ईलाइफ’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ व्यावसायिक अँटीबॉड्या नॉकआउट पेशींवर घासून बघितल्या. निम्म्याहून जास्त अँटीबॉड्या एका तरी तंत्रात नापास झाल्या. रिकॉम्बिनंट सर्वांत सरस ठरल्या. ती प्रथिनं मेंदूविज्ञानाशी संबंधित होती, पण विकणारी दुकानं तीच आहेत.

कुपी आल्यावर

पार्सल उघडल्या उघडल्या बर्फाची स्थिती बघा आणि फोटो काढून ठेवा. कुरियर मुंबईच्या कस्टम्समध्ये शनिवार-रविवार अडकलं असेल, तर पुढे डिस्ट्रिब्यूटरशी बोलताना तो फोटो कामाला येतो. अँटीबॉडी एखाददुसरा दिवस थंडाव्याविना राहिली म्हणून लगेच मरत नाही, पण नोंद हवी.

कुपीत जेमतेम शंभर मायक्रोलिटर द्रव असतो आणि प्रवासात त्यातला बराचसा झाकणाला चिकटलेला असतो. उघडण्याआधी काही सेकंद स्पिन करा. मग लेबल वाचा. ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० मध्ये ती गोठत नाही, तशीच ठेवता येते. ग्लिसरॉल नसेल तर दहा-दहा मायक्रोलिटरच्या अलिकॉट, म्हणजे छोट्या वेगळ्या कुप्या, करा आणि एकदा वितळवलेली पुन्हा गोठवू नका. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर टाळा, तो बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून स्वतःच तापतो. फ्लोसाठीची, पीई किंवा एपीसी हा चमकणारा रंग लावलेली अँटीबॉडी मात्र कधीच गोठवायची नाही, ४ अंशांवर अंधारात ठेवायची. नवशिक्याने ‘जास्त टिकावी’ म्हणून पीईची कुपी उणे ८० मध्ये टाकली, तर तिचा उजेड तिथेच संपला. तीस-चाळीस हजारांची वस्तू असते हो.

वेस्टर्न ब्लॉट

१. पेशी बर्फावर फोडा. प्रोटीएज इनहिबिटर घातलेला रिपा किंवा १ टक्का ट्रायटॉनचा बफर चालतो. नुसत्या खारट बफरमध्ये पटलातलं प्रथिन सुटून येत नाही, ते गाळाबरोबर खाली बसतं आणि तुम्ही वरचं पाणी जेलवर चढवता.

२. सॅम्पल ७० अंशांवर दहा मिनिटं तापवा. टीएलआर४ एकदाच आरपार जाणारा असल्याने उकळलं तरी बहुधा निभावतं. पण उद्या सीसीआर२सारखा सात वेळा आरपार जाणारा रिसेप्टर हातात आला, तर उकळल्यावर त्याचे गोळे होतात आणि ते जेलच्या तोंडाशीच अडकतात. सवय आत्ताच लावून घ्या.

३. ७.५ किंवा ८ टक्क्यांचं जेल. प्रत्येक लेनला ३० ते ५० मायक्रोग्रॅम प्रथिन. लेनचा क्रम आधी वहीत लिहा: लॅडर, एचईके२९३, टॅगवाला एचईके२९३, टीएचपी-१, टीएचपी-१ नॉकआउट, मग तुमचे नमुने.

४. मोठं प्रथिन पडद्यावर जायला आळशी असतं. पीव्हीडीएफचा पडदा मेथॅनॉलमध्ये भिजवून घ्या, ट्रान्सफर बफरमधलं मेथॅनॉल १० टक्क्यांवर आणा आणि शक्य असेल तर कोल्डरूममध्ये ३० व्होल्टवर रात्रभर वेट ट्रान्सफर करा. नंतर पॉन्सो हा प्रथिनं दाखवणारा रंग लावून वरच्या भागात प्रथिन पोचलंय ना, ते डोळ्यांनी बघा. रात्री वीज जाणाऱ्या भागात लॅब असेल तर पॉवर पॅक यूपीएसवर आहे का, ते संध्याकाळीच विचारा.

५. टीबीएसटीमध्ये ५ टक्के स्किम्ड मिल्क किंवा बीएसए घेऊन तासभर ब्लॉक करा. कोणतं बरं, ते अँटीबॉडीगणिक बदलतं. बायोटिन-स्ट्रेप्टाविडिनची पद्धत असेल तर दूध नको, दुधात बायोटिन असतं.

६. प्रायमरी, म्हणजे टीएलआर४ ओळखणारी अँटीबॉडी, ४ अंशांवर रात्रभर. डेटाशीटवरचं डायल्यूशन म्हणजे सुरुवातीचा अंदाज. पहिल्या खेपेला पट्टी कापून १:५००, १:१०००, १:२०००, १:४००० असं लावून बघा. जिथे खऱ्या लेनमधला बँड स्पष्ट आणि नॉकआउट लेन स्वच्छ, तो आकडा तुमचा. बँड सर्वांत काळा कुठे येतो हे बघायचं नसतं. पातळ केलेली प्रायमरी जपून पुन्हा वापरायची आपल्याकडे रीत आहे. बीएसएमध्ये केलेली, ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातलेली काही वेळा चालते, दुधातली लवकर नासते. ते अझाइड एचआरपीच्या सेकंडरीत (प्रायमरीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीत) मात्र जाऊ देऊ नका, एचआरपी हे तिच्यावरचं एन्झाइम बंद पडतं. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका.

७. टीबीएसटीने दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश, सेकंडरी १:५००० ते १:१०००० तासभर, पुन्हा तीन वॉश, मग ईसीएल, म्हणजे बँड उजळवणारं द्रावण. एक पट्टी प्रायमरीशिवाय, नुसत्या सेकंडरीची ठेवा. तिच्यावर जे दिसतं ते टीएलआर४ नव्हे.

लोडिंग कंट्रोलबद्दल एक बारीक गोष्ट. पटलातलं प्रथिन म्हणून अनेक जण सोडियम-पोटॅशियम एटीपेज लावतात. त्याचा बँड शंभराच्या आसपास येतो, म्हणजे टीएलआर४च्या उंबऱ्यावरच. ४२ किलोडाल्टनचं बीटा-ॲक्टिन सोयीचं पडतं.

आता बँड दिसला ९५ च्या जवळ आणि दुसरा १२० च्या जवळ. घाबरू नका, आनंदूही नका. नमुन्याच्या एका भागाला पीएनजीएज-एफ द्या, हे एन्झाइम एन-प्रकारच्या साखरेच्या साखळ्या कापून टाकतं. वरचा बँड खाली सरकला तर तो साखरेचा टीएलआर४ असण्याला जोर येतो. जागचा हलला नाही तर संशय धरा. आणि ६५ किंवा ५० वर जाडजूड बँड आला असेल, तर तो ‘तुटलेला टीएलआर४’ आहे असं लिहिण्याआधी तो नॉकआउट लेनमध्येही आहे का ते बघा. बहुतेक वेळा असतो.

फ्लो सायटोमेट्री

माणसाच्या टीएलआर४साठी एचटीए१२५ हा क्लोन सर्रास वापरला जातो. तो उंदरात बनलेला, आयजीजी२ए या आयसोटाइपचा आहे. आणि मोनोसाइटवर सीडी६४ असतो, अँटीबॉडीची शेपटी पकडणारा एफसी रिसेप्टर, ज्याला उंदराचा आयजीजी२ए फार प्रिय आहे. म्हणजे तुम्ही टीएलआर४ शोधायला पाठवलेली अँटीबॉडी सीडी६४ शेपटीकडून धरून ठेवतो आणि हिस्टोग्राम उजवीकडे सरकतो. टीएलआर४ मुळातच थोडा, त्यामुळे हा खोटा सिग्नल खऱ्याला सहज झाकून टाकतो. एफसी ब्लॉक टाळणं इथे परवडतच नाही.

एका नळीत साधारण दहा लाख पेशी, शंभर मायक्रोलिटर बफर. बफर म्हणजे पीबीएस, त्यात २ टक्के एफबीएस. टीएचपी-१ पेशी पीएमए हे रसायन दिल्याने तळाला चिकटलेल्या असतील तर ट्रिप्सिन वापरू नका, ते पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतं. थंड पीबीएस-ईडीटीएने सोडवा. माणसाच्या पेशींना एफसी ब्लॉक दहा मिनिटं, मग अँटीबॉडी बर्फावर, अंधारात अर्धा तास. दोन वॉश. मेलेल्या पेशी कशालाही चिकटतात, म्हणून ७-एएडीसारखा व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखू देणारा रंग) घालाच. रक्ताचे नमुने असतील तर सीडी१४ही लावा आणि मोनोसाइटवर गेट, म्हणजे मोजायच्या पेशींची हद्द, ठेवा. माणसाचं रक्त घ्यायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, सुई नंतर.

सिग्नल मंद असल्याने टीएलआर४ला पीईसारखा उजळ रंग द्या, फिटसी हा रंग सीडी१४साठी ठेवा. आयसोटाइप कंट्रोल त्याच आयसोटाइपचा, त्याच रंगाचा, तेवढ्याच प्रमाणात हवा. गेट कुठे मारायचं ते एफएमओवरून, म्हणजे टीएलआर४ सोडून बाकी सगळे रंग घातलेल्या नळीवरून ठरवा. नॉकआउट पेशी असतील तर त्यांच्यापुढे हे दोन्ही कंट्रोल दुय्यम.

एलपीएस दिल्यावर पृष्ठभागावरचा टीएलआर४ पेशीच्या आत ओढला जातो. त्यामुळे फ्लो सांगेल कमी झाला, ब्लॉट सांगेल तेवढाच आहे. दोन्ही बरोबर असू शकतं, कारण एक फक्त पृष्ठभाग बघतो आणि दुसरा अख्खी पेशी. किती वेळाने बघितलं ते लिहिल्याशिवाय असा आकडा निरर्थक आहे.

एंडोटॉक्सिनची कटकट

टीएलआर४वर काम करणाऱ्याचं दुखणं इतर रिसेप्टरवाल्यांना कळत नाही. ज्याला तो रिसेप्टर दाद देतो तो पदार्थ पाण्यात, धुळीत, काचेच्या भांड्यांवर, ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रत्येक प्रथिनात असतो. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन टिकून राहतं. काचेची भांडी कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर अर्धा तास ठेवली तर ते जळतं. प्लास्टिकसाठी पायरोजन-फ्री लिहिलेलंच घ्या.

ब्लॉट आणि साध्या स्टेनिंगला याने फरक पडत नाही. पण टीएलआर४ अडवण्यासाठी तीच अँटीबॉडी जिवंत पेशींवर टाकायची असेल, तर अझाइड नसलेली, कमी एंडोटॉक्सिनची हमी असलेली आवृत्ती वेगळी मागवावी लागते. नेहमीची कुपी टाकलीत तर अझाइड पेशींना मारेल आणि त्यातलं एंडोटॉक्सिन नेमका तोच रिसेप्टर पेटवेल जो तुम्हाला विझवायचा आहे. शंका आली तर एलएएल टेस्ट करा. ती हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींपासून बनते आणि अगदी थोडं एंडोटॉक्सिनही पकडते. आयसोटाइप कंट्रोलही तितकाच शुद्ध हवा, नाहीतर तुलना कशाशी?

एलपीएसही ‘अल्ट्राप्युअर’ घ्या. स्वस्त एलपीएसमध्ये जिवाणूंची लिपोप्रोटीन मिसळलेली असतात, ती टीएलआर२ या त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या रिसेप्टरला चेतवतात आणि नॉकआउट पेशीही प्रतिसाद देताना दिसतात. मग दोष अँटीबॉडीला जातो.

ऊतींच्या काचपट्ट्या

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीबद्दल, म्हणजे ऊतीच्या कापांवर अँटीबॉडीने रंग आणण्याबद्दल, थोडक्यात. फॉर्मलिनमुळे एपिटोप झाकले जातात, ते उघडायला पीएच ६ चा सायट्रेट किंवा पीएच ९ चा ट्रिस-ईडीटीए बफर आणि उष्णता लागते. अनेक ठिकाणी यासाठी साधा घरगुती प्रेशर कुकर वापरतात आणि तो उत्तम चालतो, फक्त त्यावर ‘खाण्यासाठी नाही’ असं ठळक लिहून ठेवा. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतलं स्वतःचं पेरॉक्सिडेज शांत करा. उंदराच्या ऊतीवर उंदराची अँटीबॉडी टाळा, सेकंडरी सगळीकडेच चिकटते. टीएलआर४च्या बाबतीत काचपट्टीवरच्या तपकिरी रंगावर मी ब्लॉट आणि फ्लोच्या आधाराशिवाय विश्वास ठेवत नाही.

वहीत काय लिहायचं

कंपनी, कॅटलॉग नंबर, क्लोन, लॉट नंबर, डायल्यूशन, ब्लॉकिंग कशात केलं, एक्स्पोजर किती. पेपर लिहिताना आरआरआयडीही द्यावा लागतो, तो प्रत्येक अँटीबॉडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो आणि ऑनलाइन शोधून मिळतो. ब्लॉटची न कातरलेली प्रतिमा त्याच दिवशी सर्व्हरवर टाका, पेनड्राइव्हवर नको.

कुपी संपत आली की पुढची ऑर्डर शेवटच्या थेंबाची वाट न बघता द्या आणि जुन्या लॉटची एक अलिकॉट बाजूला राखून ठेवा. नवा लॉट आला की त्याच लायसेटच्या (फोडलेल्या पेशींच्या द्रवाच्या) दोन पट्ट्यांवर जुना आणि नवा शेजारी-शेजारी चालवा, नॉकआउट लेनसकट. जुळले तर वहीत तारीख टाकून पुढे जा. नाही जुळले तर दोन्ही पट्ट्यांच्या प्रतिमा जोडून डिस्ट्रिब्यूटरला मेल करा. असा पुरावा सोबत असला की कुपी बदलून मिळणं सोपं जातं.